मूळ मशीन कोणी उडवलं?

व्हर्च्युअलबॉक्स 2007 पासून फुकट मिळतं आणि नोव्हेंबर 2024 पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही सर्वांना मोफत झालं. त्यामुळे एका डेस्कटॉपवर चार-चार उबंटू चालवून हडूपचा क्लस्टर शिकवणं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लहान संस्थांनाही परवडू लागलं. अशी व्हर्च्युअल मशिनं उभी करणारे भरपूर आहेत. ती कशी जपायची, हे समजून घेणारे कमी.

प्रस्तुत लेखक सावेडीत राहून लॅब उभारणीची कामं करतो. जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका संस्थेच्या डेस्कटॉपना डिस्क लहान होत्या, म्हणून त्याने व्हर्च्युअलबॉक्समधल्या मूळ मशीनचे फुल क्लोन (पूर्ण प्रती) न करता लिंक्ड क्लोन केले. लिंक्ड क्लोनमध्ये फक्त बदललेला भाग साठतो, बाकी सगळं मूळ डिस्कवरूनच वाचलं जातं. ऊस तोडल्यावर खोडवा येतो तो जमिनीतल्या बुडख्यावर. बुडखाच उपटला तर खोडवा कुठून येणार? ‘मूळ फोल्डरला हात लावू नये’ अशी चिठ्ठी त्याने प्रत्येक सीपीयूवर चिकटवली होती.

प्रॅक्टिकलच्या सकाळी फोन आला. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत लेखक पोचला, तर प्रत्येक क्लोनपुढे ‘इनअॅक्सेसिबल’ लिहिलेलं आणि डी ड्राइव्हमधला मूळ फोल्डर गायब. चिठ्ठ्या मात्र जागेवरच होत्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये राहून क्लोन अवलंबून असलेली डिस्क पुसायला गेलं, तर ते नकार देतं. इथे कोणीतरी जागा करायला थेट एक्सप्लोररमधून शिफ्ट-डिलीट मारलं होतं.

“सेटिंग तुमचंच होतं ना? मग जबाबदार तुम्हीच,” लॅबप्रमुख एक्स्टर्नल परीक्षकांसमोर म्हणाले. चिठ्ठी दाखवली, तर ती त्यांनी वाचलीही नाही. मुलांचं काम त्या मूळ डिस्कसोबतच गेलं, आणि याची खंत फक्त लेखकालाच होती.

म्हणून, जागा असेल तर फुल क्लोनच करा. लिंक्ड करायचाच असेल, तर मूळ डिस्कची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. पण नवं मशीन बनवायला व्हीडीआय (डिस्कची) फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका. दोन्ही डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एकच राहतो आणि व्हर्च्युअलबॉक्स दुसरी घेत नाही. क्लोन करताना सर्व नेटवर्क अॅडॉप्टरना नवा मॅक अॅड्रेस द्यायचा पर्याय निवडा.

एवढं करूनही ब्रिज्ड जोडणीत दोन उबंटू सर्व्हरना एकच आयपी मिळाला, तर राउटरला दोष देऊ नका. डीएचसीपीला दिली जाणारी ओळख मशीन-आयडीच्या फाइलवरून बनते, आणि क्लोनमध्ये ती फाइलही जशीच्या तशी उतरते. ती फाइल रिकामी करून मशीन रीस्टार्ट करा, नवा आयडी तयार होतो. एसएसएचच्या होस्ट कीही नव्या करा. साध्या नॅटमध्ये मात्र प्रत्येक मशीनला 10.0.2.15 दिसणारच, तो बिघाड नाही.

विंडोज क्लोन करण्याआधी सिसप्रेप जनरलाइझ चालवाच, नाहीतर एसआयडी ही मशीनची ओळख क्लोनमध्ये सारखीच राहते. 29 ऑगस्ट 2025 पासूनच्या अपडेटनंतर विंडोज 11 च्या 24एच2 व 25एच2 आवृत्त्यांत आणि सर्व्हर 2025 मध्ये सारखा एसआयडी असलेल्या मशिनांची आपसातली लॉगिनं अडतात. बाकी बॅकअप घ्या, घाई करू नका, हे सगळेच सांगतात.

संस्थेकडचं उरलेलं बिल अजून थकलेलंच आहे. लॅबची कामं घेणाऱ्या तरुणांनी मूळ मशीन कुठे आहे आणि ते कोणी हलवायचं नाही, हे कागदावर लिहून लॅबप्रमुखांची सही घेतल्याशिवाय चावी सोपवू नये.