आधी काड, मग लाड

पोरी, अंतरवाली सराटीत धिंगरी मशरूमचे बेड भरतेस आणि आता त्यात समुद्री शेवाळ घालायचं म्हणतेस. घाल की! प्रयोगशाळेत मशरूमची बुरशी ज्या अगारवर वाढवतात, तोही लाल शेवाळापासूनच काढलेला असतो. फक्त एवढं ऐकून ठेव.

१. काड यंदाचंच घे, गव्हाचं नाहीतर सोयाबीनचं, कोरडं आणि पिवळंधमक – पावसात भिजलेल्या काडात परकी बुरशी आधीच बिऱ्हाड मांडून बसलेली असते.

२. रत्नागिरी-मालवणाकडून वाळकं शेवाळ आणलंस तर गोड्या पाण्यात तीन-चारदा खळबळून धू – मीठ राहिलं की मशरूमच्या बुरशीची वाढ खुंटते. मीठ ताटात शोभतं, बेडात नाही.

३. मग आपल्या अंबडच्या उन्हात असं वाळव, की चिमटीत चुरा व्हावा – दमट राहिलं तर पिशवीतच कुजतं.

४. चुऱ्याची फडक्यात पुरचुंडी बांध आणि काडासोबतच ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेव – सुटा टाकलास तर निम्मा पाण्याबरोबर मोरीत जाईल.

५. पहिल्या खेपेला १० किलो कोरड्या काडाला १०० ग्रॅम चुरा पुरे – पोटॅश, सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळतात तेवढ्यातच. त्याच बेडात कोंडा किंवा सरकी पेंड घालू नकोस. खुराक जास्त झाला की बेड तापतो आणि हिरवी बुरशी धरते.

६. पुरचुंडी सोडून चुरा काडात मिसळ; भरण्याआधी काड मुठीत दाबून बघ, एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको – शेवाळ पाणी धरून ठेवतं, म्हणून काड जरा जास्तच निथळू दे.

७. चार बेड शेवाळाचे, चार साधे; खूण कर आणि प्रत्येक तोडणीचं वजन वहीत लिही – डोळ्यात भरलं ते काट्यावर भरतंच असं नाही.

८. हिरवा डाग दिसला की बेड लगेच खोलीबाहेर, आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्याला शिवू नकोस – हिरवी बुरशी तुझ्याच हातानं घरभर फिरते.

९. हा प्रयोग दिवाळीनंतर कर, होळीपर्यंत आटप – धिंगरीला २० ते ३० अंश मानवतात, आपला मे महिना चाळिशी ओलांडतो.

१०. अडलंच तर जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, वही घेऊन जा – आकडे दाखवणाऱ्याला नेमकं उत्तर मिळतं.

११. आणि वजन दोन्हीकडे सारखंच भरलं, तर शेवाळाचे पैसे ताज्या स्पॉनला, म्हणजे मशरूमच्या बियाण्याला, लाव – शिळ्या स्पॉनला कसलाच लाड उठवत नाही.