फुलीच्या टाक्यासाठी कापडाची निवड

कार्यानुभवाच्या तासिकेस भरतकाम घेताना बहुधा प्रथम नमुना निवडला जातो, मग कापड आणले जाते, आणि मोजदाद मात्र काम अडल्यावर सुरू होते. वीतभर, म्हणजे सुमारे ९ इंचांच्या, चौरस मॅटीवर एखादी मुलगी हंस भरावयास घेते. मान उत्तम उतरते, पण शेपटीपाशी कापड संपते. उसवलेला दोरा पुन्हा नीट चालत नाही, आणि घरी दुसरा तुकडा मागण्याची तिला भीड वाटते. दोष तिच्या हाताचा नसतो. कापडाच्या एका इंचात किती घरे आहेत, हे आधी कोणी पाहिलेलेच नसते.

नमुन्याच्या कागदावरील एक घर म्हणजे कापडावरील एक फुली. कापडावर चित्र उमटवावे लागत नाही. विणीतील धागेच आलेख-कागदाचे काम करतात. धारवाडकडील कसुती याच तत्त्वावर चालते. इरकली लुगड्यावर गोपुर, रथ, हत्ती भरणाऱ्या स्त्रिया रेखाटनाशिवाय, केवळ धागे मोजून सुई घालीत आल्या आहेत. त्यांचा मेंथी नावाचा टाका हा फुलीचाच टाका होय.

एका इंचातील घरांच्या संख्येस 'काउंट' म्हणतात. ही संख्या वाढली की फुली लहान होते आणि चित्र आक्रसते. वरील हंस ८४ घरे लांब व ५६ घरे उंच आहे असे धरू. इंचास ८ घरे असलेल्या कापडावर तो साडेदहा इंच लांब होईल. वीतभर कापडात तो मावणारच नाही. ११ घरांच्या कापडावर लांबी सुमारे ७.६ इंच येते. तो मावतो, पण कड दुमडण्यास जागा उरत नाही. १४ घरांच्या कापडावर तोच हंस ६ इंच लांब व ४ इंच उंच होतो आणि लांबीच्या दोन्ही बाजूंस दीड-दीड इंच मोकळे राहते. भागाकाराचा याहून जिवंत पाठ क्वचितच सापडेल.

परंतु येथेच घाईने १४ घरांचे कापड घेऊ नये. लहान वर्गातील मुलांना बारीक घरे दिसत नाहीत. ती डोळे ताणतात, घर चुकते आणि कंटाळून काम टाकतात. त्यांच्यासाठी ८ किंवा ११ घरांचेच कापड बरे. म्हणून हिशेब उलटा करावा. ९ इंचांतून कडेचे ३ इंच वजा केले की ६ इंच उरतात. त्यांस ८ ने गुणले की ४८ घरे. तेवढ्यात बसणारा नमुना शोधावा. हंसाचा हट्ट सोडून कमळ घ्यावे. मुलाची दृष्टी आधी, कापड नंतर आणि नमुना सर्वांत शेवटी, हाच क्रम योग्य.

दुकानातील सुट्या मॅटीवर काउंट छापलेला नसतो. तो स्वतः मोजावा. एक इंच मोजल्यास चूक राहते, म्हणून ४ इंचांवर दोन टाचण्या टोचून मधली घरे मोजावीत व ४ ने भागावे. मोजावयाची ती घरे, छिद्रे नव्हेत. छिद्रे घरांहून एकाने अधिक भरतात. (कुंपणाचे खांब मोजण्याच्या उदाहरणात मुले नेमकी हीच चूक करतात.) मोजणी उभी व आडवी, दोन्ही करावी. उभ्या इंचात १२ व आडव्या इंचात १० घरे असतील तर ६० घरांचा चौरस ५ इंच उंच व ६ इंच रुंद होईल, आणि वर्तुळ अंड्यासारखे दिसेल. सुती कापड आधी धुऊन वाळवावे. ते आटते ते मोजण्यापूर्वीच आटलेले बरे.

समान विणीच्या साध्या कापडावर दोन-दोन धाग्यांवरून फुली घालतात. तेथे इंचास २८ धागे असले तर फुल्या १४ होतात.

दोऱ्याची जाडीही काउंटप्रमाणे ठरते. सहा पेडांच्या लडीतून ११ घरांस तीन पेड व १४ घरांस दोन पेड घ्यावेत. १८ घरांस बहुधा एकच पुरतो. आधी कोपऱ्यात चार-पाच फुल्या घालून पाहाव्यात: मधून कापड डोकावत असेल तर एक पेड वाढवावा, छिद्र फाकत असेल तर कमी करावा. सुई बोथट टोकाची असावी.

काम कोपऱ्यापासून सुरू करू नये. कापडाची चौघडी घालून मध्य काढावा, घडीच्या रेषांवर रंगीत धावदोरा घालावा, आणि नमुन्याच्या मधल्या घरापासून पहिली फुली घालावी.