रावघाटच्या वाटेवर

भिलाईत मराठी घरं पुष्कळ. पोलाद कारखान्याच्या भरतीत विदर्भातून आलेल्यांची ही दुसरी-तिसरी पिढी. मीही त्यातलाच. शाळेतून निवृत्त झाल्यावर बालोद आणि कांकेर जिल्ह्यांतल्या गावांचे वनहक्काचे दावे भरायला मदत करू लागलो. त्यात जे कळलं, ते जसं आठवलं तसं लिहितो आहे.

१. कायद्याआधी नकाशा वाचावा. दुर्ग जिल्ह्यातलं भिलाई शहर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी भागांसाठी ठरवलेल्या अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर आहे. पण ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तिला लागणारं लोहखनिज आलं दल्ली-राजहऱ्याहून, म्हणजे डोंडी विकासखंडातून, आणि तो अनुसूचित क्षेत्रात येतो. राजहऱ्याचा साठा आटत चालला, तशी नजर दक्षिणेला रावघाटच्या डोंगरावर गेली. त्यासाठी दल्ली-राजहऱ्याहून ९५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आखला गेला. डोंगराला गावकरी राजाराव देवाचं ठाणं मानतात, कारखान्याच्या कागदांत तोच डोंगर ‘डिपॉझिट’ असतो.

२. ग्रामसभा वेगळी, ग्रामपंचायत वेगळी. हे शहरातल्या शिकलेल्यांना समजावताना जितका घसा कोरडा पडतो, तितका गावात पडत नाही. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा, दोन्हींमध्ये अधिकार पाड्या-वस्तीतल्या सगळ्या प्रौढ माणसांच्या सभेला आहे. सरपंचाची सही म्हणजे सभेची संमती नव्हे. वनहक्काच्या नियमांप्रमाणे निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका. म्हणून ठरावाची प्रत हातात आली की मी मजकुराआधी सह्या-अंगठे मोजतो. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी झालेल्या सभेला इतक्या बायका कुठून आल्या, हा प्रश्न विचारला की साहेब लोक चहा मागवतात.

३. पुरावा गावातच असतो, फक्त तो फायलीत नसतो. सगळ्यात जास्त शिकलो ते शिवारफेरीत. सामूहिक वनहक्कासाठी गावाची रूढ सीमा दाखवावी लागते. मग म्हातारी माणसं पुढे आणि आम्ही मागे. इथे नाला, तिथे जुनी मसणवट, पलीकडे गावदेवाची जागा, या मोहाखाली अमक्याची आजी वेचायची. एका आजींनी तर तरुण पोरांचं जीपीएस यंत्र बाजूला सारून सांगितलं की ओढ्याने मागच्या मोठ्या पुरात वाट बदलली, तेव्हा सीमा आत्ताच्या पाण्याबरोबर नाही, जुन्या खडकांबरोबर जाते. शेजारच्या गावाचे लोकही फेरीत होते, त्यांनी मान डोलावली. दोन गावांचं असं जमणं कुठल्याही नकाशापेक्षा भारी. नियमांत ज्येष्ठांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो, आणि जुन्या मध्य प्रांताचा भाग असलेल्या या मुलखात निस्तार पत्रकंही, म्हणजे गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांच्या नोंदीही असतात. ती तहसिलीतून निघेपर्यंत मात्र जोडे झिजतात.

४. प्रपत्र ‘क’वर थांबू नये. ते कसत असलेल्या जमिनीसाठी, जास्तीत जास्त चार हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, ही चांगली गोष्ट. पण त्याने जंगल राखता येत नाही. त्यासाठी प्रपत्र ‘ग’, म्हणजे संपूर्ण सामूहिक वनसंसाधनाचा दावा. त्यात जंगल राखण्याचा, नियम घालण्याचा अधिकार येतो. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना गावाने द्यायचा की वनखात्याने, यावर अडलंच. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. इकडे छत्तीसगडमध्ये धमतरी जिल्ह्यातलं जबर्रा २०१९ मध्ये हाच हक्क मिळवून पुढे आलं. आमच्या भागातल्या पोरांना मी मेंढ्याची गोष्ट सांगतो ती पैशांसाठी नाही. कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं राखायचं, हे तिथे गाव बसून ठरवतं, ते त्यांना ऐकवायचं असतं.

५. मिळालेला कागदही काढून घेतला जातो. सरगुजातल्या घाटबर्रा गावाचा सामूहिक हक्क २०१६ मध्ये रद्द झाला. तिथे जवळच कोळशाची खाण. रद्द करण्याची तरतूद वनहक्क कायद्यात शोधून सापडत नाही. उलट ओडिशात नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांना विचारा म्हटलं, आणि बाराच्या बारा सभांनी खाण नाकारली. दोन्ही गोष्टी गावात सांगाव्यात. एकच सांगणारे फसवतात.

६. कामगार आणि जंगल यांत भांडण लावून देणारे खूप भेटतील. शंकर गुहा नियोगी हे राजहऱ्याच्या खाणकामगारांचे पुढारी, आणि खाणीच्या गावात ‘आपलं जंगल ओळखा’ ही मोहीमही त्यांचीच. त्यांचा खून २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत झाला. आमच्या घराची चूल कारखान्यावर पेटली, म्हणून खाण नकोच असं मी म्हणणार नाही. मला म्हणायचं आहे ते इतकंच की आधी विचारा, आणि ‘नाही’ हे उत्तर आलं तर ते नोंदवून घ्या. खाणीच्या बदल्यात लावलेल्या रोपांच्या सरळ रांगा मी पाहिल्या आहेत. त्यांत चारोळीचं झाड नाही, तेंदू नाही, मोह नाही. वेचायला काही नाही अशा जागी पहाऱ्याला कोण जाणार?

७. गावातल्या प्रश्नांची तयारी ठेवावी. अंतागढकडच्या एका बैठकीत एका पोराने विचारलं, “गुरुजी, भिलाईतलं तुमचं घर कुणाच्या जमिनीवर आहे?” म्हटलं, कारखान्याच्या, आमच्याकडे फक्त लीज. “मुदत संपल्यावर?” म्हटलं, तेच आम्ही निवृत्त लोक दर महिन्याला बसून एकमेकांना विचारतो. त्याने वहीचं कोरं पान उलटलं आणि हसत म्हणाला, “मग सांगा, तुमच्या दाव्याला साक्षीदार कोण कोण लिहू?”