मरीचीजवळची दीर्घिका

विद्यार्थिनी : सर, उंबरमाळीतून हौशी माणसाला सर्पिल दीर्घिकेचा फोटो काढता येतो?

सर : येतो. एम 51 घे. सप्तर्षींच्या शेपटीतला शेवटचा तारा मरीचि. त्याच्यापासून साडेतीन अंशांवर ती आहे. अंतर अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षे. तिचे सर्पिल फाटे 1845 मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी 72 इंची दुर्बिणीतून पाहिले. आज 3 इंची दुर्बीण आणि कॅमेरा तेवढ्यासाठी पुरतात.

विद्यार्थिनी : ते कसे?

सर : डोळा प्रकाश साठवत नाही, सेन्सर साठवतो.

विद्यार्थिनी : मग शटर तासभर उघडेच ठेवायचे?

सर : तारे तासाला 15 अंश सरकतात, त्यामुळे फोटोत रेघा उमटतील. म्हणून त्याच वेगाने फिरणारा मोटरचा माउंट लागतो. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 20 अंश वर असतो, तेव्हा उत्तरेला डोंगर किंवा झाड आड येऊ नये. तरीही माउंट थोडा चुकतो, आकाशाचा उजेडही साठत जातो. त्यामुळे दोन-तीन मिनिटांचे पुष्कळ फोटो काढून संगणकावर एकावर एक बसवतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात.

विद्यार्थिनी : त्याने काय साधते?

सर : तारे जुळवून घेतले की दीर्घिका प्रत्येक फोटोत एकाच जागी येते, नॉइज मात्र दर वेळी वेगळा पडतो. 100 फोटोंची सरासरी काढली, की तो एका फोटोतल्या नॉइजच्या एक-दशांश उरतो.

विद्यार्थिनी : आणि मुंबईचा उजेड?

सर : त्यासाठीच हौशी मंडळी शहराबाहेर जातात, मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन वांगणीला होत आले आहे. उंबरमाळी खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये असल्याने मुंबई-कल्याणचा उजेड नैऋत्येला राहतो. एम 51 उत्तरेला, सुमारे 62 अंशांपर्यंत चढते. एप्रिलात मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे उजेड पाठीमागे पडतो. अमावास्येच्या आसपासची रात्र आणि नाशिक महामार्गावरच्या हेडलाइटपासून लांबची जागा निवडायची. भिंगावर दव धरू नये म्हणून त्याभोवती हीटरचा पट्टा गुंडाळतात.

विद्यार्थिनी : फोटोत काय ओळखता येते?

सर : पिवळसर गाभा जुन्या ताऱ्यांचा, निळसर फाटे तरुण ताऱ्यांचे आणि त्यांतले गुलाबी ठिपके हायड्रोजनच्या ढगांचे, तिथे नवे तारे जन्मतात. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो, म्हणून काहीजण तो बदलून घेतात. एका फाट्याच्या टोकाशी दिसते ती सोबतीण एनजीसी 5195. तिच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने हे फाटे इतके ठसठशीत झाले आहेत.