पडद्यावरून कॅसेटकडे

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दिवाळीनंतर गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो. ही झाडीपट्टीची नाटके होत. वडसा हे त्यांचे मोठे केंद्र आहे. नाटक रात्रभर चालते. नट संवाद बोलतो आणि गाणेही गातो. प्रेक्षक समोरच बसलेले असतात. सूर चुकला, तर तो त्यांना लगेच कळतो.

दूरदर्शनच्या नटाला सहसा गावे लागत नाही. अशा कलावंताने गायचे ठरवले तर? मुंबईच्या सुचित्रा कृष्णमूर्ती यांनी तसे ठरवले. १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘चुनौती’ या मालिकेत त्यांनी काम केले होते. १९९४ साली ‘कभी हां कभी ना’ या चित्रपटात त्या शाहरुख खान यांच्या नायिका होत्या. त्यांचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला.

त्याच काळात आपल्या देशात पॉप संगीताची लाट आली. सोपी चाल आणि नाचरा ठेका असलेल्या लोकप्रिय गाण्याला पॉप म्हणतात. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ खूप गाजले. दूरदर्शन संचावर नव्या संगीत वाहिन्या दिसू लागल्या. सुचित्राजींनीही ‘डोले डोले’, ‘जिंदगी’ असे गाण्यांचे संग्रह काढले.

पण हे पर्व थोड्याच वर्षांत सरले. पॉपची लाट ओसरली. बाजारात पुन्हा चित्रपटगीतांचेच राज्य आले. झाडीपट्टीच्या नटाला दर हंगामात आपला प्रेक्षक पुन्हा भेटतो. कॅसेटवर गाणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही. त्याचे गाणे बाजाराच्या हाती असते.

सुचित्राजी मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी चित्रे काढली, पुस्तके लिहिली. २०१३ साली त्यांचे ‘ड्रामा क्वीन’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

मुलांनो, ओळखीचे नाव नवे दार उघडते. पण आत किती दिवस राहता येईल, हे नेहमी आपल्या हाती नसते. दार ठोठावण्याचे धैर्य मात्र आपलेच असते.

शब्दार्थ : हंगाम – मौसम, पर्व – दौर, ओसरणे – कमी होणे, आत्मकथन – आपबीती, धैर्य – हिंमत.

स्वाध्याय
१. झाडीपट्टीच्या नटाला कोणती दोन कामे करावी लागतात?
२. पॉप संगीत म्हणजे काय?
३. कॅसेटवर गाणाऱ्याचे गाणे बाजाराच्या हाती असते, असे लेखक का म्हणतो?