ऐंशी सव्वे शंभर

आधीच सांगून टाकते, माझ्या नातीचा नवोदयला, म्हणजे सहावीपासूनच्या निवासी शाळेला, नंबर लागला नाही. यशाची गुरुकिल्ली वगैरे शोधत कुणी हे वाचायला घेतलं असेल, तर पान उलटायला हरकत नाही. पण पाचवीतलं नातवंड घरात आहे, त्याचे आईबाप धास्तावलेले आहेत आणि ‘तुम्ही शिक्षिका होता ना, मग बसा तिला घेऊन’ असं म्हणून सगळा भार तुमच्यावर टाकलाय, अशी तुमची गत असेल, तर माझ्या वर्षभराच्या चुका तुमच्या कामाच्या आहेत.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमच्या यजमानांचं गावात किराणा दुकान होतं. शिक्षण दहावी. तेव्हा नातीचा अभ्यास कोण घेणार हा प्रश्नच नव्हता. मुलगा चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा येणार. सून, नात आणि आम्ही दोघं गावी. आमचा जिल्हा अमरावती. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 साली प्रायोगिक म्हणून निघाली, त्यातलं एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आमच्या अमरावतीला. त्यामुळे ‘नवोदयला लागला’ हे वाक्य आमच्याकडे ‘सरकारी नोकरी लागली’च्या सुरात उच्चारलं जातं.

परीक्षा अशी असते. ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. चाळीस प्रश्न बुद्धिमत्तेचे, वीस गणिताचे, वीस भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकलं तर गुण कापत नाहीत. मी हे माहितीपत्रकातून वाचून दाखवत होते, तर यजमान खाटेवरून म्हणाले, “ऐंशी सव्वे शंभर, ऐंशी दिडे एकशेवीस.” म्हणजे प्रश्नाला सव्वा गुण आणि दीड मिनिट. पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी हे जुने पाढे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. सगळं वेळापत्रक त्या एका ओळीत बसलं. मी मात्र रंगीत पेनांनी तक्ता करून भिंतीवर लावला होता.

पालकांना हे पटकन लक्षात येत नाही की अर्धे गुण, शंभरातले पन्नास, निव्वळ आकृत्यांचे आहेत. तिथे वाचायला काही नाही, पाठ करायला काही नाही. गटात न बसणारी आकृती, हुबेहूब जुळणारी आकृती, अर्धवट नक्षी पूर्ण करणं, पुढची आकृती कोणती, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती, असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. माझं शिक्षकीपण इथेच आडवं आलं. मी नियम सांगायला लागले. ‘आरशात डावं-उजवं बदलतं, वर-खाली नाही.’ तिने ते वहीत लिहून घेतलं, पाठ केलं आणि पुढच्या सरावात चारपैकी तीन चुकली. मी चिडले. आवाज चढला. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, “मले दिसते ते, आजी. तू बोलली का गडबडते.”

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, तर ओसरीवर वेगळीच शाळा भरलेली. यजमानांनी दाढीचा आरसा पुस्तकाच्या पानाला चिकटवून उभा धरला होता. ती आकृती बघायची, मनात प्रतिमा धरायची, पर्याय सांगायची आणि मग आरसा लावून पडताळायची. कुणी बरोबर म्हणत नव्हतं, चूक म्हणत नव्हतं. सांगत होता तो आरसा. तासाभरात ती आरशाकडे बघायची थांबली.

घडीच्या कागदाचंही तसंच. चाळीस वर्षं रद्दीच्या कागदाच्या पुड्या बांधलेला माणूस तो. चौकोनी कागद घेतला, मधोमध घडी, पुन्हा आडवी घडी, कोपऱ्याजवळ कात्रीने एक कुर्रकन तुकडा काढला. “उघडल्यावर किती भोकं?” ती म्हणाली, दोन. उघडला, चार. “थर मोज आधी,” एवढंच ते बोलले. मग तिरकी घडी, मग तीन घड्या, मग भोक घडीच्या अगदी कडेवर पाडलं तर काय होतं. थर चार, पण भोकं दोनच, कारण कडेवरची दोन अर्धी उघडल्यावर जोडली जाऊन एकच होतं. हे तिचं तिने शोधून काढलं आणि मला आणून दाखवलं. त्या महिन्यात केराच्या सुपलीत कागदाचे कपटेच कपटे निघायचे. बाजारातली जाड मार्गदर्शकं मीही तीन आणली होती. त्यातलं एक चांगलं होतं, पण आकृत्यांसाठी घरातला आरसा, कात्री आणि रद्दी यांना तोड नाही. ठिपक्यांची रांगोळी हा तर नक्षी पूर्ण करण्याचा आयता सराव. सून रोज दारात अर्धी काढून ठेवायची, उरलेली अर्धी नातीने जुळवायची.

गणितात माझा उपयोग झाला, हे मात्र सांगायला हवं. अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा, वेळ-अंतर-वेग, परिमिती, क्षेत्रफळ. वीसच प्रश्न, त्यामुळे प्रत्येक प्रकाराचं एखाददुसरंच उदाहरण येतं. तिथे पायऱ्या पक्क्या लागतात आणि तोंडी हिशेब लागतो. तरी शेकडेवारी तिला कळली ती आजोबांकडूनच. चाळीस रुपयांची वस्तू पन्नासला विकली तर नफा किती टक्के, म्हणून विचारलं. ती म्हणाली वीस. ते म्हणाले, “दहा रुपये मिळाले ते कशावर? माझ्या खिशातून चाळीसच गेले होते ना?” पंचवीस. खरेदीवर मोजायचं, विक्रीवर नाही, हे मी फळ्यावर किती वर्षं लिहीत आले, पण ‘माझ्या खिशातून’ असं कधी म्हटलं नव्हतं.

भाषेला चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. इथे हुशार मुलं वेगळ्याच कारणाने गुण घालवतात. एका सरावात उतारा कापसावर होता. आमचं घर कापसाचं. तिने उतारा अर्धवट वाचला आणि उत्तरं स्वतःच्या माहितीने दिली. माहिती खरी, उत्तरं चूक, कारण प्रश्न ‘उताऱ्यानुसार’ होता. मग मी एक युक्ती केली. रोज दुपारी माझा चष्मा हरवायला लागला. “जरा वाचून दाखव गं बातमी.” तिने वाचायचं आणि मी बावळटासारखं विचारायचं, कोण म्हणालं, कधी, असं बातमीत दिलंय का, की तुला वाटतं? दोन महिन्यांनी तिने चष्मा माझ्या पदराखालून काढून हातात दिला. पण तोवर काम झालं होतं.

खरी ठेच लागली ती उत्तरपत्रिकेत. गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने भरायचे असतात, खोडता येत नाहीत. एका रविवारी तिने तेविसावा प्रश्न सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्या ओळीत भरलं. तिथून पुढे सगळं एक घर सरकलं. उत्तरं बरोबर, पण पुढचे बहुतेक गुण गेले. रात्री मुलाचा फोन आला, “किती पडले?” मी आकडा सांगितला. पलीकडे जी शांतता पसरली ती नातीने दारात उभं राहून ऐकली. त्या दिवसापासून घरात नियम केला की फोनवर गुण विचारायचे नाहीत. विचारायचंच तर ‘आज नवीन काय दिसलं’ हे विचारायचं. मुलाला ते जड गेलं. वेळ, पैसा, गावापासूनची ताटातूट, सगळं त्या एका आकड्यात मोजायची सवय लागली होती त्याला. उत्तरपत्रिकेवर उपाय साधा: दर दहा प्रश्नांनी पेनाचं टोक प्रश्नाच्या आकड्यावर आणि ओळीच्या आकड्यावर टेकवून बघायचं. कोरी उत्तरपत्रिका झेरॉक्स करून आणा, वहीत टिकमार्क करून हा सराव होत नाही. आणि सराव साडेअकरा ते दीड या वेळेतच घ्या. परीक्षेची वेळ तीच असते, आणि त्या वेळेला मुलांना भूक लागते.

आता कागदपत्रं. इथे अनेक घरं अभ्यासाआधीच चुकतात. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो. आईबाप पुण्या-मुंबईला आणि मूल आजी-आजोबांकडे, अशी घरं आता गावोगाव आहेत. त्यांनी रहिवासाचा दाखला आणि आधारवरचा पत्ता ही भानगड अर्ज सुटायच्या आधी निस्तरावी. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ऐंशी जागा. त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांसाठी, पण ग्रामीण ठरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली हवीत. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरतात. नात तिसरीत असताना आमच्या मुलाने तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं जवळपास ठरवलं होतं. शाळेच्या गाडीचं भाडं परवडेना म्हणून राहिलं. आम्हाला तेव्हा हा नियम ठाऊकही नव्हता. किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांसाठी आरक्षण आहे. अर्ज ऑनलाइन आणि फुकट. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. फुकटच्या अर्जाचे कुणी शे-दोनशे मागत असेल तर तो त्याच्या टायपिंगचा मोबदला आहे, परीक्षेची फी नव्हे. आणि ही परीक्षा सहावीसाठी एकदाच देता येते. नापास करून, पुन्हा पाचवीत बसवून दुसरी संधी मिळत नाही. असा सल्ला देणारे भेटतात, म्हणून लिहिलं.

शिकण्याच्या माध्यमाची काळजी सुनेला होती. नवोदय सीबीएसईचं असतं, पण सातवी-आठवीपर्यंत शिकवणं मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून चालतं. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रं हिंदीतून. शिक्षण, राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं मोफत. नववीपासून विकास निधी म्हणून महिना सहाशे रुपये घेतात, तोही मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, आपल्याकडची हिंदी भागात, तिकडची इकडे. सोबत सातारच्या सैनिक शाळेचाही विचार असेल, तर ती परीक्षा वेगळी, तीनशे गुणांची, आणि तिथे गणिताचेच दीडशे. एकाच तयारीत दोन्ही होईल असं धरून चालू नका.

पण या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी विचारला. तुला जायचंय का? दहा-अकरा वर्षांचं पोर. घर सोडून राहायचं, कपडे स्वतः धुवायचे, सणाला बोलावलं म्हणून येता येत नाही. मी तिला हे ऑक्टोबरात विचारलं, अर्ज भरून महिने झाल्यावर. तिने विचार केला आणि म्हणाली, “वेणी कोण घालून देईन?” मी हसले नाही. त्या दिवसापासून दाढीचा आरसा सकाळी तिच्या ताब्यात गेला आणि ती स्वतःच्या दोन वेण्या घालायला शिकली. पहिले पंधरा दिवस एक वेणी कानावर, एक मानेवर. अभ्यासाच्या वहीपेक्षा मला ती तयारी जास्त महत्त्वाची वाटते. नंबर लागूनही महिनाभरात परत आलेली मुलं मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाचंही गणित कच्चं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर लिंबाखाली शेकडो पालक. एकेक जण बंद फाटकाकडे बघत उभा. यजमान सोबत डबा घेऊन गेले होते. ती बाहेर आली, आधी डबा उघडला. निकाल लागला त्या रात्री मुलाने फोनवर विचारलं, “कशात कमी पडली असेल?” जिल्ह्यातून हजारो मुलं ऐंशी जागांसाठी बसतात, त्यात आरक्षणाचे वेगवेगळे गट, कोण कशात कमी पडलं ते असं शोधून सापडत नाही. पेपर संगणकावर तपासतात, फेरतपासणीची सोय नाही. नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा होते, तेव्हा तिची इच्छा असली तर बसेल. सध्या ती गावच्या हायस्कुलात सहावीत आहे. पाचवीच्या शिष्यवृत्तीला तिला याच तयारीचा उपयोग झाला, कारण तिथेही बुद्धिमत्तेचे प्रश्न होते.

यंदा शेजारचा मुलगा पाचवीत आलाय. त्याची आई परवा मार्गदर्शकं मागायला आली, तिन्ही दिली. नातीने आपल्या घड्यांच्या कागदांची पिशवी आणि कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा स्वतःहून काढून दिला, आणि ‘थर मोज आधी’ हे त्याला आजोबांच्या आवाजात बजावलं. आरसा मात्र दिला नाही. म्हणाली, सकाळी लागतो.