घरात आलेल्या सातेरी मधमाशांचे सुरक्षित स्थलांतर

पावसाचा जोर ओसरून जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील उतारांवर खुरासणीची पिवळी शेते फुलू लागली, की मधमाशांची लगबग सुरू होते. पुढे आंबा, काजू, सावर, पळस, जांभूळ, हिरडा असा फुलोऱ्याचा क्रम उन्हाळ्यापर्यंत चालू राहतो. या काळात भरभराटीस आलेली वसाहत दुभंगते. जुनी राणी वसाहतीतील बऱ्याचशा कामकरी माशा घेऊन बाहेर पडते आणि हा थवा नव्या आसऱ्याच्या शोधास लागतो. पूर्वी त्याला झाडाची ढोली किंवा वारूळ सहज मिळत असे. जुनी, पोकळ झाडे विरळ होऊ लागल्यावर घराच्या जोत्यातील दगडांमधील पोकळी, कौलाखालचा कोपरा, माळ्यावरचा रिकामा माठ, वापरात नसलेला पत्र्याचा पिंप, शाळेतील जुने कपाट, विजेच्या मीटरची पेटी, अशी स्थाने मधमाशा निवडतात.

घरात मोहोळ बसले म्हणजे घरच्यांना प्रथम मुलाबाळांची काळजी वाटते, व ती अगदी स्वाभाविक आहे. परंतु या काळजीपोटी जो उपाय योजला जातो, तो बहुधा मूळ अडचणीपेक्षा अधिक घातक ठरतो. रॉकेलचा बोळा पेटवून भोकात कोंबणे, कीटकनाशक फवारणे किंवा रात्री टेंभा लावून मोहोळ जाळणे हे प्रकार सर्रास होतात. गवताच्या छपराला टेंभ्याची ठिणगी पुरेशी असते. विष फवारल्याने माशा मरतात. पण भिंतीच्या आत मध, मेण आणि हजारो मेलेल्या अळ्या तशाच राहतात. त्या कुजून दुर्गंधी सुटते, मध पाझरतो, मुंग्या व मेणकिडा येतो, आणि तो विषारी मध एखादे मूल चाखण्याचा धोका उरतो तो वेगळाच. शिवाय मेणाचा वास राहिल्यामुळे पुढच्या हंगामात नवा थवा नेमका त्याच भोकात शिरतो. म्हणजे ज्यासाठी हा सारा खटाटोप केला, तेही साधत नाही.

माशी कोणती, हे आधी पाहावे

मोहोळ हलविण्याचा विचार करण्यापूर्वी ते कोणत्या माशीचे आहे, हे ओळखणे अत्यावश्यक आहे. या भागात चार प्रकारच्या मधमाशा आढळतात. उंच वृक्ष, कडे, पाण्याच्या टाक्या व मोठ्या इमारतींच्या छज्जांखाली उघड्यावर एकच भलेमोठे पोळे लोंबत असेल, तर ती आग्या माशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे असेल, तर ती फुलोरी. भिंतीच्या फटीतून मेण व डिंकाची छोटी नळी बाहेर आलेली दिसत असेल आणि तिच्या तोंडाशी चिलटांएवढ्या काळसर माशा ये-जा करीत असतील, तर ती पोयाची माशी. तिला डंख मारता येत नाही. ती भिंतीत राहिली तरी कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून तिला हात न लावणे उत्तम. बंदिस्त, अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. घरातील मोहोळांपैकी जी काढावी लागतात, ती बहुतेक या सातेरीचीच असतात.

सातेरी आणि आग्या यांतील भेद केवळ आकाराचा नाही. सातेरीला मुळातच पोकळीत राहण्याची सवय असल्याने ती लाकडी पेटीत नांदते. उघड्यावर राहणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचे पोळे कापून पेटीत बसविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. ती चिडली तर शेकडोंच्या संख्येने दूरवर पाठलाग करते. आग्या मोहोळ शाळेच्या छज्जाखाली असले, तर त्या बाजूचा वावर बंद करावा, दगड मारण्यास व खाली धूर करण्यास सक्त मनाई करावी आणि ते हंगामी असते हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्याच्या तोंडी या माशा स्वतःहून स्थलांतर करतात. ते हलविणे अपरिहार्यच असेल, तर अनुभवी व साधनसज्ज माणसांखेरीज कोणी त्या वाटेस जाऊ नये. यापुढील विवेचन केवळ सातेरीविषयी आहे.

थवा झाडाच्या फांदीवर किंवा ओसरीच्या वाशाला घोसासारखा नुसता लटकत असेल, तर काम फारच सोपे असते. तो काही तासांचा किंवा एखाद्या दिवसाचा मुक्काम असतो. रक्षण करण्यासारखे पोळे नसल्याने माशा सहसा शांत असतात. अशा घोसाखाली रिकामी पेटी धरून फांदी एकदा झटकली, तरी राणीसह थवा आत पडतो. गावकरी नेमके याच वेळी घाबरून फवारणी करतात, ही खेदाची गोष्ट आहे.

काढण्याची रीत

पोळी बांधलेली वसाहत काढण्यास दुपार कलल्यानंतरची वेळ सोयीची. पावसात व कडाक्याच्या थंडीत पोकळी उघडू नये. उघड्यावर आलेल्या अळ्या गारठून मरतात. घरातील लहान मुले, आजारी माणसे आणि बांधलेली गुरे आधी दूर न्यावीत. मोहोळ मीटरच्या पेटीत असेल, तर वीज कर्मचाऱ्याकडून पुरवठा बंद करून घेतल्याविना हात घालू नये. काम करणाऱ्याने चेहऱ्यावर जाळी, अंगभर फिकट रंगाचे कपडे व हातमोजे घालावेत. सुकी शेणी किंवा नारळाचा काथ्या डब्यात धुमसत ठेवून भोकातून बेताचा धूर द्यावा. धुराने माशा मध पोटात भरून घेतात व काहीशा मवाळ होतात. धूर थंड असावा. ज्वाळा आत जाता कामा नयेत.

त्यानंतर पोकळी सावकाश उघडून एकेक पोळे धारदार सुरीने वरच्या बाजूने कापावे. मधाने भरलेली पोळी वेगळ्या भांड्यात ठेवून झाकावीत. अंडी, अळ्या व कोष असलेली पोळी मात्र वसाहतीचे सर्वस्व होत. ती पेटीच्या लाकडी चौकटीत बसतील अशी कापून केळीच्या सोपट्याने बांधावीत. पोळ्याची मूळची वरची बाजू चौकटीतही वरच राहिली पाहिजे, आणि मोहोळात पोळ्यांचा जो क्रम होता, तोच पेटीत ठेवावा. दोन पोळ्यांमध्ये माशांना वावरण्यापुरतीच जागा हवी. या अंतराचे महत्त्व लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधपाळाने १८५१ साली ओळखले आणि हलत्या चौकटींची आधुनिक पेटी त्यातूनच जन्मास आली. सातेरी आकाराने लहान असल्याने तिच्या पेटीची मापेही लहान असतात. युरोपीय मेलिफेरा माशीची मोठी पेटी आणून भागत नाही.

सर्वांत नाजूक काम राणी शोधण्याचे. ती इतर माशांपेक्षा लांब व गडद रंगाची असून बहुधा अळ्यांच्या पोळ्यांवर किंवा पोकळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सापडते. तिला हलक्या हाताने जाळीच्या लहान पिंजऱ्यात घेऊन तो पिंजरा पेटीतील पोळ्यांच्या मध्ये टांगावा. राणी पेटीत गेली, की उरलेल्या माशा आपोआप तिच्यामागे येऊ लागतात. उरलेले घोस ओंजळीने किंवा पळीने उचलून पेटीत सोडावेत. राणी न सापडल्यास घाई करू नये. पेटीच्या दारात माशा पोट उंच करून पंख फडफडवीत उभ्या राहिल्या, तर राणी आत पोहोचली असे बहुधा समजावे.

पेटीचे दार जुन्या भोकाच्या अगदी जवळ ठेवून ती अंधार पडेपर्यंत तिथेच राहू द्यावी. रानात गेलेल्या माशा दिवेलागणीपर्यंत परततात. पुष्कळदा उत्साहाच्या भरात पेटी दिवसाउजेडीच उचलली जाते आणि निम्म्या माशा भिंतीवर घोंघावत राहतात. रात्री दारावर बारीक जाळी लावून पेटी न हिंदकळता न्यावी. नवी जागा दोन-तीन किलोमीटर दूर असणे इष्ट. जवळच ठेवल्यास कामकरी माशा ओळखीच्या वाटेने जुन्या भिंतीकडेच परततात. त्याच वाडीत ठेवणे भाग असेल, तर पेटी दररोज हात-दीड हातच सरकवावी.

भिंत फोडणे शक्य नसेल, तर भोकावर जाळीचा शंकू बसविण्याचा एक उपाय आहे. माशा बाहेर येतात, पण परत आत जाऊ शकत नाहीत व शेजारी ठेवलेल्या पेटीत आसरा घेतात. मात्र राणी सहसा आतच राहते. म्हणून पेटीत दुसऱ्या वसाहतीतील ताजी अंडी-अळ्या असलेली एक चौकट द्यावी लागते, म्हणजे माशा नवी राणी तयार करतात. यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. नवशिक्याने या भानगडीत न पडलेले बरे.

माशा निघाल्यावर पोकळीतील मेण खरवडून जागा धुवावी आणि शेणामातीने किंवा सिमेंटने पक्की बुजवावी.

डंखावर उपाय

मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो आणि त्याला जोडलेली विषाची पिशवी काही काळ विष सोडीत राहते. म्हणून काटा नखाने खरडून तत्काळ काढावा. तो कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला, याला महत्त्व अधिक. डंखाबरोबर सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास इतर माशांना हल्ल्याची सूचना देतो. म्हणून तिथे थांबू नये, हातवारे करू नयेत, बंद खोलीत जावे. जागा धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी. ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, घसा आवळणे, धाप लागणे, घेरी येणे ही लक्षणे दिसल्यास तो मनुष्य जिवाच्या धोक्यात आहे असे समजून त्यास जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा जव्हार अथवा मोखाड्याच्या शासकीय रुग्णालयात त्वरित न्यावे. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळणे येथे निर्णायक असते. बुवाबाजीत वा चुना-हळद लावण्यात घालविलेली मिनिटे परत येत नाहीत. अनेक डंख झालेल्या लहान मुलास लक्षणे नसली तरी दवाखान्यात दाखवावे.

वसाहत जगविण्याचे मोल

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास विचारला जाईल. खुरासणीचे फूल स्वतःच्या परागाने क्वचितच फळते. परक्या झाडाचा पराग आणून देण्याचे काम मुख्यतः मधमाशा करतात. काकडी, कारली, भोपळा यांची नर व मादी फुले वेगळी असतात. ज्या वाड्यांत आंबा व काजूची लागवड झाली आहे, तेथेही या कीटकांची गरज आहे. शाळेच्या परसबागेत एका मादी फुलावर पातळ कापडाची पिशवी बांधून व दुसरे मोकळे ठेवून शिक्षकांना हा पाठ आठवडाभरात प्रत्यक्ष दाखविता येईल.

रानातले मोहोळ काढण्याचे कसब कातकरी, ठाकूर, वारली आदी समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. राणी कुठे दडते, माशी कोणत्या वेळी शांत असते, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक असते. परंतु रूढ पद्धतीत मधाबरोबर अळ्यांचे पोळेही काढले जाते, आणि ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्याला ते सोडून दे असे नुसते सांगणे व्यर्थ आहे. जिवंत वसाहतीचे मोल त्याच्या हाती पडले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध व मेण यांचा समावेश गौण वनोपजात केलेला आहे व त्यावरील हक्क वननिवासींना दिलेला आहे. त्याच हातांना पेटी आणि थोडे प्रशिक्षण मिळाले, तर भिंतीतून काढलेली वसाहत हे कुटुंबाचे साधन बनू शकते. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हे शिक्षण देत आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे महाबळेश्वर येथील मध संचालनालय आहे, आणि तेथून जवळच असलेले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले.

तथापि खरी अडचण बहुधा प्रशिक्षणाची नसून त्या संध्याकाळी हाताशी रिकामी पेटी नसण्याची असते. मोहोळ कळविले जाते, जाणता माणूस येतो, पण पेटी तालुक्याहून यावयाची असते. तोवर कोणीतरी टेंभा पेटवितो. ग्रामपंचायतीने दोन रिकाम्या पेट्या, दोन तोंडजाळ्या व धुराचा एक डबा कार्यालयात ठेवला आणि पाड्यापाड्यांतील जाणत्यांची नावे फलकावर लिहिली, तरी पुष्कळ काम होईल.

पेटीत आणलेली सातेरी टिकेल याची खात्री मात्र पहिल्याच रात्री धरता येत नाही. त्रास झाला किंवा अन्न तुटले, की ही माशी घर सोडून जाते. म्हणून दारावर राणी अडेल अशी जाळी काही दिवस ठेवावी, साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळनंतर पेटीच्या आत द्यावा आणि चार-पाच दिवस पेटी उघडू नये. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. आठवड्याने ताजी अंडी दिसली, तर राणी कामास लागली असे समजून केळीची सोपटे काढावीत. अळ्या पिशवीसारख्या फुगून मरू लागल्या, तर ती पोळी दुसऱ्या पेटीत घालू नयेत. १९७८ मध्ये मेघालयात आढळलेल्या थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने १९९१-९२ च्या सुमारास केरळ-कर्नाटकातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या होत्या. जूनमध्ये पाऊस लागला, की फुलोरा आटतो आणि पेटीची खरी कसोटी लागते. तेव्हा पेटीवर ताडपत्री किंवा पत्र्याचे आच्छादन घालावे, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूस करावे, आधी काढलेल्या मधापैकी काही पोळी आतच ठेवलेली असावीत, आणि खुरासणी पुन्हा फुलेपर्यंत दर आठवड्यास पाक देत राहावे.